रंग शेवटी सांगायचा

दिवाळी आटोपली की थोड्याच दिवसांत तापीवर कुरव पक्षी येतात. माझी बहीण रांदेरला राहते. तिच्याकडे जाताना मी कॉजवेवरून स्कूटर घालते आणि एखाद्या सकाळी कठड्याशी माणसांची रांग दिसली की समजते, पाहुणे आले. प्रत्येकाच्या हातात गाठियाची पुडी. सुरतेत आलेल्या माणसाला आधी खायला घालतात आणि मग कुठून आलात ते विचारतात. उत्तरेकडून एवढं अंतर तोडून आलेल्या पक्ष्यांनाही वेगळा नियम नाही. गाठिया वर उडतो, कुरव तो हवेतच झेलतो, पोरं ओरडतात, कुणीतरी व्हिडिओ काढतं. पुडीवाल्याचे तेवढे महिने बरे जातात.

यंदा मीही स्कूटर बाजूला लावली. गाठिया घेतला नाही. तळलेलं पक्ष्यांना घालू नये असं माझं मत आहे, पण सुरतेत राहून गाठियाविरुद्ध बोलण्यात शहाणपणा नाही. कठड्यावर बसलेल्या एका कुरवाकडे बघत उभी राहिले. पांढरं डोकं, कानामागे काळी टिकली, काजळाचं बोट टेकवल्यासारखी. परत जायची वेळ जवळ आली की ह्याच पक्ष्याचं सगळं डोकं गडद तपकिरी होतं, माकडटोपी घातल्यासारखं. म्हणजे नोव्हेंबरात डोक्याचा रंग बघून ज्याची ओळख करून घेतली, तो मार्चात ओळख देणार नाही. चोच तीच राहते, उडणं तेच राहतं.

शेजारी एक माणूस मुलीला सांगत होता, "ये पानी का कबूतर है." मुलीला ते पटलं. मलाही एके काळी पटलं असतं.

मी पांडेसऱ्यातल्या एका मराठी शाळेच्या ऑफिसात काम करते. दाखले, हजेऱ्या, दुपारच्या जेवणाचा तांदूळ, पालकांची भांडणं. पक्ष्यांशी माझा संबंध गॅलरीतली कबुतरांची घाण खरवडण्यापुरता होता. शाळेत विज्ञान शिकवायला प्रज्ञा आली तेव्हा ती माझ्या मुलीच्या वयाची होती. उधन्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील भुसावळहून बदलून आलेले. यार्डाच्या कडेच्या बाभळींवर काय येऊन बसतं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. रोज सकाळी ऑफिसात डोकावून "जय भीम, ताई" म्हणायची आणि डब्यातून खडू घेऊन निघून जायची. एक दिवस खडू न घेता उभी राहिली.

"सातवीच्या मुलांना रविवारी पक्षी ओळखायला बाहेर न्यायचंय. हेडसर म्हणतात, बरोबर दोन मोठी माणसं पाहिजेत."

"मला कावळा आणि कबूतर सोडून काही कळत नाही."

"कळायला नकोच. तुम्ही नेलेली पोरं तेवढीच परत आणता. मला ते जमत नाही."

हे खरं होतं, म्हणून मी गेले. पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोजची बिस्किटं, चिकटपट्ट्या, सेफ्टी पिना, एक जादा ओढणी, असं सगळं एका पिशवीत भरून मी मागून चालायचे आणि डोकी मोजायचे. पुढे प्रज्ञा, मधे दहा-पंधरा पोरं. सिटी बसने डुमसच्या रस्त्याला उतरायचं आणि तिथून चालत तळ्यावर जायचं. हिवाळ्यातल्या त्या सकाळी आमच्या पांडेसऱ्यातल्या सकाळींपेक्षा वेगळ्या वासाच्या असायच्या. ओलं गवत, शेण, कुठेतरी पेटवलेला पाला. पहिल्या रविवारी एक पोरगी नाक वर करून म्हणाली, "इथं वासच येत नाही." तिला वाफेचा आणि केमिकलचा म्हणायचा होता.

मुलांना पक्षी दाखवणं म्हणजे बोट दाखवून नाव सांगणं, असं मला वाटायचं. प्रज्ञाने पहिल्याच दिवशी बोट दाखवायला बंदी केली. बोट वर गेलं की पक्षी उडतो. मग सांगायचं कसं? समोर घड्याळ आहे असं समजायचं, झाडाचा शेंडा म्हणजे बारा.

"दोन वाजता बघा," ती हळूच म्हणाली.

भावेशने खिशातून फोन काढून बघितला. "टीचर, आता तर साडेसात झाले."

काटे असलेलं घड्याळ निम्म्या पोरांनी नीट वाचलेलंच नव्हतं. प्रज्ञा हसली नाही की तिने घड्याळाचा धडाही घेतला नाही. "बरं, मग झाडालाच अंग आहे असं समजू," म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे पक्षी बाभळीच्या डाव्या खांद्यावर, वडाच्या काखेत किंवा विजेच्या खांबाच्या नाकावर बसू लागले. हे घड्याळापेक्षा लवकर कळायचं. मलासुद्धा.

वर बघायची सवय मात्र आयती होती. सुरतेतलं पोर चालायला लागण्याआधी पतंग बघायला लागतं. "ती मेहनत उत्तरायणाने करून ठेवलीय," असं प्रज्ञा म्हणायची. तिचं मला हेच आवडायचं. पोरांकडे काय नाही, याची यादी ती कधी करायची नाही. जे असेल त्याच्यावर काम सुरू.

दुर्बीण एकच होती, तिची स्वतःची. आधी पट्टा गळ्यात, मग डोळे. आणि बघून झाल्यावर नाव सांगायचं नाही. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. मग तो काय करतोय. मग चोच आणि पाय. रंग शेवटी सांगायचा. एवढं सांगून झालं की नाव.

हा क्रम आमच्या पोरांना अजिबात पाळता यायचा नाही, कारण ती रंगात बहाद्दर. कुणाचा बाप मिलमध्ये रंग कालवतो, कुणाचा प्रिंटिंगच्या टेबलावर. आया घरी साड्यांना लेस लावतात. घरात चिंध्या पडलेल्या, त्यांवर ही पोरं रांगलेली. वेडा राघू तारेवर दिसला तर दुसरं कोणी हिरवा म्हणेल. भावेश म्हणाला, "अंगूरी आहे टीचर, गळ्याखाली रामा." रामा म्हणजे निळ्या-हिरव्याच्या मधला तो रंग, साडीबाजारात ज्याला दुसरं नाव नाही. खंड्या दिसला तेव्हा तर भांडण झालं.

"पाठ फिरोजी, पोट कॉफी," भावेश म्हणाला.

"कॉफी कुठाय? कथ्थई आहे," जयू म्हणाली. "कॉफीत लाल एवढं नसतं."

"तुला लई कळतं."

"कळतंच. माझे पप्पा कलर किचनमध्ये आहेत. तुझे फोल्डिंगमध्ये."

एवढ्यात खंड्या मासा घेऊन निघून गेला. त्याची चोच कशी होती, हे दोघांनाही सांगता आलं नाही.

ही जयू. धरणगावकडच्या घरातली, बारीक, मोठ्या आवाजाची, वेणीला नेहमी दोन वेगळ्या रंगांच्या रिबिनी. मिलमध्ये जिथे रंग तोलून कालवतात त्या खोलीला कलर किचन म्हणतात. तिचे वडील तिथले जुने माणूस. रंगाच्या बाबतीत वर्गात तिचा शब्द शेवटचा होता. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यांत जास्त पक्षी तिनेच शोधले. झुडपातून काही हललं की मांजरासारखी थांबायची.

आणि अजून एक गोष्ट त्या रविवारांतली. तळ्याच्या कडेला चिखलात एक तपकिरी पक्षी धावत होता, काडीसारखे पाय. पोरांनी विचारलं, "टीचर, हा कोणता?"

प्रज्ञाने बराच वेळ दुर्बिणीतून बघितलं. "माहीत नाही," ती म्हणाली.

मी इतकी वर्षं शाळेत काढली, पण शिक्षकाने वर्गापुढे हे वाक्य इतक्या साध्या आवाजात म्हटलेलं ऐकलं नव्हतं. लाज नाही, सारवासारव नाही. आमच्याकडे पोरगं "माहीत नाही" म्हणालं की उभं राहतं, शिक्षक म्हणाला की वर्ग हातातून जातो, अशी सगळ्यांची समजूत. इथे उलटच झालं. पोरं तिच्याभोवती आणखी दाटली. "लहान आहे साळुंकीहून," "शेपटी सारखी हलवतोय," "चोच चिखलात खुपसत नाही, वरवर टोचतोय." तिने सगळं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी घरून पुस्तक बघून आली, म्हणाली, "तुमच्या शेपटीवरून सापडला. तुतारी." ते ऐकून जी शेपटी म्हणाली होती ती पोरगी दिवसभर हवेत चालत होती.

मग डिसेंबरात ते झालं.

आमच्या वस्तीमागे खाडी आहे. तिच्यात कुठल्या कुठल्या मिलचं पाणी येतं आणि त्या दिवशी बाजारात कोणता रंग चाललाय ते पाण्यावरून कळतं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर जयूला तिथे गुलाबी पक्षी दिसले. उंच, लांब पायांचे, लांब मानेचे, पंख गुलाबी. प्रज्ञाने वर्गात फ्लेमिंगोचं चित्र दाखवलं होतं, कधीकधी समुद्राकडे येतात असं सांगितलं होतं. जयू धावत वस्तीत गेली आणि ओरडली. सगळी आळी खाडीवर लोटली. थोरल्या पोरांनी व्हिडिओ काढून त्यावर गाणं चढवलं आणि संध्याकाळपर्यंत 'पांडेसरा में फ्लेमिंगो' सगळ्यांच्या फोनवर फिरलं. जयूची आई लेस लावता लावता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, मनी पोरले दिसनात पयले.

रात्रपाळीला निघायच्या आधी वडिलांनी व्हिडिओ बघितला. आळीतले चारजण तिथे बसलेले. वडील हसले. "हाऊ तं आमना रंग शे," म्हणाले. "नायलॉनले धरस तो पिसलेबी धरस."

बगळे होते. खाडीत उभे राहून राहून रंगलेले.

वडील बिचारे सहज बोलले. पण पक्ष्याला रंग चढल्याचं रंगाऱ्याच्याच पोरीला कळू नये, याच्यापेक्षा मजेदार गोष्ट पांडेसऱ्यात त्या आठवड्यात दुसरी नव्हती. सोमवारी शाळेत तिचं नाव फ्लेमिंगो झालं. फ्लेमिंगो, खडू दे. फ्लेमिंगो, एका पायावर उभी राहा. भावेश तर प्रार्थनेच्या वेळी मान वाकडी करून उभा राहायचा.

प्रज्ञा त्याच दिवशी जयूला घेऊन खाडीवर गेली. खाडीच्या पाण्याची शाळेतर्फे तक्रार लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मीही गेले. बगळे तिथेच होते, राणी रंगाचे, आपल्याला काय झालंय याची त्यांना कल्पना नव्हती.

"रंग तू बरोबर ओळखलास," प्रज्ञा म्हणाली. "पाय बघितले होतेस?"

पाय काळे आणि पंजे पिवळे. बगळ्याचे असतात तसे. जयूने बघितले आणि तिचं तोंड मिटलं ते मिटलंच.

त्यानंतर ती रविवारी यायची, पण शेवटी, माझ्याबरोबर. माझी पिशवी तिने स्वतःच्या खांद्यावर घेतली. बिस्किटं वाटायची, बाटल्या भरायची, कुणाला काटा लागला तर चिकटपट्टी लावायची. पुढे पोरं म्हणायची, "ए फ्लेमिंगो, बिस्कीट दे." ती द्यायची. दुर्बीण फिरत फिरत तिच्यापर्यंत आली की ती मान हलवायची. प्रज्ञा प्रत्येक वेळी तिच्यापुढे दुर्बीण धरायची, तिने मान हलवली की पुढच्याला द्यायची, एक शब्द न बोलता. दर रविवारी तेच.

मला राहवेना. पोरगी कामाची, तिला असं मागे पडू द्यायचं म्हणजे काय? "तिला जरा समजावून सांग ना," मी म्हटलं. "आणि त्या भावेशच्या कानाखाली एक दे."

"भावेशला दिली तर तो माझ्यासमोर चिडवायचा थांबेल," प्रज्ञा म्हणाली. "आणि तिला समजावलं तर ती माझ्या समाधानासाठी बघेल. मला तसं नकोय."

"मग बघणारच नाही ती."

"कदाचित नाही बघणार."

हे ती सहज म्हणाली असं नाही. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण दुर्बीण पुढे करायची आणि वाट बघायची, एवढंच ती करत राहिली. मी असते तर तिसऱ्या रविवारी तो पट्टा पोरीच्या गळ्यात घालून मोकळी झाले असते.

एका गुरुवारी आम्ही जयूच्या घरी गेलो. आईने पाणी दिलं, चहा ठेवला आणि चहा उकळायच्या आत म्हणाली, "तिले आते नका नेऊ टीचर. गल्लीमा लोके हसतस. त्या नावना तं मले बी कटाळा उना." पोरगी आतल्या खोलीत होती, पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. प्रज्ञाने वाद घातला नाही. "तिला यायचं नसेल तर नका पाठवू," एवढंच म्हणाली.

खोलीत जयूसाठी आणलेली एक नवी ओढणी पडली होती. वडिलांनी ती उचलली. खिशातला पांढरा रुमाल काढला, त्याचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि ओढणीवर जोरात घासलं. टोक गुलाबी झालं. "वापस दी ये," त्यांनी बायकोला सांगितलं. त्यांच्यासाठी हे रोजचं. मिलमध्ये माल बाहेर जाण्याआधी असंच घासून बघतात. घरी कापड आणलं तरी हात तिकडेच जातो. प्रज्ञाच्या हातातला चहा तसाच राहिला.

"काका, परत एकदा करून दाखवता?" ती म्हणाली.

परतताना आम्ही रिक्षा केली. उधना दरवाजा आला तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "ताई, बगळ्यावर ओला रुमाल फिरवला असता तर काय उरलं असतं?"

"ओला बगळा," मी म्हटलं.

ती इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

पुढच्या रविवारी जयू तरीही आली आणि त्याच दिवशी एक खेळ सुरू झाला. जो पक्षी दिसेल त्याच्यावर मनातल्या मनात ओला रुमाल फिरवायचा. जे पुसलं जाईल ते बोलायचं नाही. जे राहील ते सांगायचं. थोडक्यात, रंगाचा एकही शब्द नाही. खेळ कुठून आला, हे प्रज्ञाने सांगितलं नाही. पण ओला रुमाल आमच्या प्रत्येक पोराच्या घरात आहे, विचारायची गरजच नव्हती.

आणि काय गंमत, आमचे सगळे बहाद्दर मुके झाले. भावेश एका दयाळाकडे बघत तोंड उघडायचा आणि मिटायचा. "टीचर, तो... तो असा... म्हणजे काळा-पांढरा न म्हणता कसं सांगू?" शेवटी म्हणाला, "शेपटी उभी करून मास्तरसारखा बसलाय." तेवढं बरोबर होतं. दयाळ तसाच बसतो. हळूहळू पोरांना डोळे आले. कोण झाडाच्या खोडावर उलटा चालतो, कोण पाण्यात पोहताना फक्त मान बाहेर ठेवतो, कोण उडताना झोके घेत वरखाली होतो. शेकाट्या बघून कुणीतरी म्हणालं, "चड्डी वर धरून पाण्यातून चाललाय." मला हसू आवरेना. शाळेच्या कामात मला इतकं हसायची सवय नव्हती.

मी मागेच होते, पिशवीवाल्या जयूजवळ. एकदा गवतात एक छोटा पक्षी तुरुतुरु धावत होता. पुढची पोरं अजून बघत होती, तेवढ्यात माझ्या बाजूने पुटपुटल्यासारखा आवाज आला: "धावतो, थांबतो, शेपूट खाली मारतो. धोबी." दुर्बिणीशिवाय. मी तिच्याकडे बघितलं नाही. बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले. प्रज्ञालाही सांगितलं नाही. तोंडातून शब्द निघतोय तर आपण त्याच्यामागे धावू नये, एवढं मी त्या हिवाळ्यात शिकले होते.

मग उत्तरायण आलं. दोन दिवस सगळी सुरत गच्चीवर, 'काप्यो छे'च्या आरोळ्या, उंधियूचा वास. पोरांनी आपसांत ठरवून टाकलं की उजाडताना आणि दिवस कलताना पतंग चढवायचा नाही, कारण पक्षी तेव्हा जातात-येतात. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इतके रविवार त्यांनी पक्ष्यांच्या जाण्या-येण्याच्या वेळा बघितल्या होत्या. भावेशने घरच्या थोरल्या भावाशी त्यावरून मारामारी केली आणि सुजलेल्या ओठाने शाळेत आला. त्याच्याबद्दलचं माझं मत तिथे जरा बदललं. खाडीतले बगळे तोवर फिके पडून बदामी झाले होते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी ओहोटी दुपारनंतर होती, म्हणून सकाळऐवजी जेवून निघालो. डुमसच्या अलीकडे पाणी ओसरलं की चिखलाची रुंद पट्टी उघडी पडते. समोर समुद्र, उजवीकडे पाण्यापलीकडे हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या. चिखलात कुणी उतरायचं नाही, असं मी बसमध्येच बजावलं होतं.

"टीचर, पलीकडच्या चिमण्या मोजायच्या का?" भावेशने विचारलं.

"मोज. धूर सोडणाऱ्या वेगळ्या मोज," प्रज्ञा म्हणाली.

दिवस कलायला लागला होता आणि ऊन सरळ डोळ्यांवर. चिखल, पाणी, सगळं चांदीच्या पत्र्यासारखं चमकत होतं. त्या चमकेत, लांब, पाण्याच्या रेषेशी काही पक्षी उभे होते. नुसत्या काळ्या रेघा. प्रज्ञाने दुर्बीण लावली, बघितलं, खाली घेतली. "उन्हात मला नीट दिसत नाही," म्हणाली. "तुम्ही बघा."

दुर्बीण फिरली. "काळे आहेत." "बगळे असतील." "करकोचे." "काळंच दिसतंय सगळं." एकेकाने बघितलं आणि पुढे दिली. रंग नसल्यावर एवढ्या लांबून काय सांगणार? ती जयूपर्यंत आली. प्रज्ञाने नेहमीसारखी पुढे धरली. मी नेहमीसारखी दुसरीकडे बघायला लागले.

खांद्यावर वजन आलं. जयूने पिशवी माझ्या खांद्यावर अडकवली होती. तिने पट्टा गळ्यात घातला, मग दुर्बीण डोळ्यांना लावली.

"बगळ्याहून उंच," ती म्हणाली. आवाज बसका होता, बरेच दिवस न वापरलेला. "खूपच उंच. मान खाली वाकवून डोकं पाण्यात घातलंय. उलटं. उलटंच ठेवून चालतोय."

"चोच?" प्रज्ञाने विचारलं.

"थांबा. वर काढू दे."

आम्ही थांबलो. लांबवर एक काळी रेघ वाकडी झाली असावी, मला काही दिसत नव्हतं.

"जाड आहे. मधेच वाकलीय. मोडल्यासारखी."

"पाय?"

"पाय विचारूच नका टीचर. बांबू."

कुणीतरी हसलं. तिने दुर्बीण काढली नाही.

"रंग?" भावेश म्हणाला.

"रंग दिसत नाही."

"मग नाव कसं सांगणार?"

आता तिच्या तोंडाशी कोणता शब्द आहे, हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. तोच, जो बिस्किटांबरोबर दर रविवारी तिला ऐकावा लागत होता. तो पुन्हा चुकला असता तर तिने परत कधी दुर्बीण हातात घेतली नसती. 'माहीत नाही' म्हणायची मुभा होती, आमच्याकडे त्याला कुणी हसत नसे. मला वाटलं, प्रज्ञाने आता हो म्हणावं, निदान मान हलवावी. ती चिखलाकडे बघत उभी होती. मदत केली नाही. तेवढं धाडस माझ्यात नसतं.

"ओला रुमाल फिरवला तरी हे सगळं राहील," जयू म्हणाली. "फ्लेमिंगो आहेत."

भावेशने हात पुढे केला. तिने पट्टा काढून त्याच्या गळ्यात घातला. त्याने बराच वेळ बघितलं. "डोकं उलटंच आहे," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "चोच पण." त्याने दुर्बीण पुढच्याला दिली आणि एकेकजण पुन्हा बघू लागला, पहिल्यापासून. या वेळी कुणी काळे म्हणालं नाही.

ते उडतील, उन्हात वळतील आणि गुलाबी दिसेल, म्हणून आम्ही थांबून राहिलो. ते उडाले नाहीत. डोकी खाली घालून जेवत राहिले. त्यांना आमची घाई नव्हती. बसची वेळ झाली तेव्हा मी डोकी मोजली आणि सगळ्यांना रस्त्याकडे वळवलं.

पांडेसऱ्याच्या स्टॉपवर जयूची आई न्यायला उभी होती.

"काय दखं वं आज?"

"फ्लेमिंगो," जयू म्हणाली.

आईने माझ्याकडे बघितलं, मग भावेशकडे. तो चपलेचा चिखल फूटपाथच्या कडेला काढत होता. वर न बघता म्हणाला, "खरे होते, काकू."

"कोनता रंगना व्हतात?"

"रंग नही दिसना, आई."

आणि ती आईच्या पुढे चालायला लागली, त्या उलट्या डोक्याचं, मोडक्या चोचीचं सांगत, हात हलवत. पिशवी माझ्याच खांद्यावर राहिली होती. मी ती घरी नेली. बाटल्या रिकाम्या होत्या, जड नव्हती.